कान ओढण्याला हसणाऱ्यांनो

मागच्या आठवड्यात मित्रांच्या ग्रुपवर एक रील आलं. दोन माणसं समोरासमोर बसलेली, दोघांच्या कानांत एकच दोरी अडकवलेली आणि दोघंही मागे रेलून ओढताहेत. खाली हसऱ्या इमोजींची रांग. त्यात एक माझाही होता. तो मी इथे परत घेतोय.

तो खेळ 'इअर पुल'. अलास्कातल्या फेअरबँक्सला १९६१मध्ये सुरू झालेल्या 'वर्ल्ड एस्किमो-इंडियन ऑलिंपिक्स'मधला. हिमदंशासारखी वेदना सोसायची ही तालीम.

तिथले इतर खेळही असेच जगण्यातून आलेत. दोन्ही पाय जुळवून उडी मारायची, वर टांगलेल्या चेंडूला दोन्ही पावलांनी एकदम लाथ मारायची आणि दोन्ही पायांवरच उतरायचं. चांगले खेळाडू आठ फुटांच्याही वर पोचतात. व्हेलची शिकार झाली की निरोप्या गावाकडे येताना लांबूनच अशी उडी मारायचा, असं तिथले लोक सांगतात. आवाज पोचणार नाही तिथे शरीराने बातमी द्यायची.

"पण हे रानटीच ना?" ग्रुपवर एकाने विचारलं. बॉक्सिंगमध्ये डोक्यावर ठोसे बसतात, त्याला आपण पदक देतो. इथे कान लाल झाला की रानटी? दुखतं दोन्हीकडे. आपल्याला खटकतं ते फक्त कोण खेळतंय, हे.

ही नजर जुनी आहे. १९०४च्या सेंट लुइस ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या जागतिक प्रदर्शनात 'अँथ्रॉपॉलॉजी डेज' भरवले. प्रदर्शनात मांडलेल्या मूलनिवासी लोकांना गोळाफेकीसारखे परके खेळ जवळजवळ सरावाशिवाय खेळायला लावले आणि आकडे कमी आल्यावर माणसांनाच कमी ठरवलं. तेव्हा त्यासाठी मैदान लागलं. आज अंगठा पुरतो.

"एवढं काय, रील तर आहे," असं म्हणाल. पण रीलमध्ये कापलं जातं तेच मोलाचं असतं. या स्पर्धांमध्ये खेळाडू प्रतिस्पर्ध्यालाच उडी कशी सुधारायची ते सांगतात, त्याने विक्रम केला तर टाळ्या वाजवतात. पंधरा सेकंदांत फक्त ताणलेला कान उरतो. त्याला हसणं सोपं आहे, कारण बाकीचं आपल्याला कुणी दाखवलेलंच नाही आणि आपणही शोधलेलं नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तेव्हा उत्तर आलं, "तू कधी ओढून बघितलंस का?"

बघितलं. बुटाची नाडी घेतली, समोर धाकटा भाऊ बसला. दहा सेकंदांत मी हरलो. तेव्हा मात्र हसू आलं नाही.