थंडी कधी संपते, तिथून मागे मोजा

मुळशी तालुक्यातल्या पौड, पिरंगुट, भूगाव या पट्ट्यात बंगल्यांच्या आवारात, घरामागच्या मोकळ्या पट्टीत आणि गच्च्यांवर परसबागा फुलू लागल्या आहेत, ही मनापासून आनंद वाटावा अशी गोष्ट आहे. पण यांतल्या अनेक बागांत मार्च उजाडला की फ्लॉवरचा गड्डा लिंबाएवढा राहिलेला, मटारवर भुरी पसरलेली आणि कोथिंबीर फुलावर गेलेली दिसते. मग बियाण्याला बोल लावला जातो, खताला लावला जातो, मातीलाही लावला जातो. बहुतेक वेळा चुकलेली असते ती तारीख. थंडी अंगाला जाणवू लागली की हिवाळी भाजी लावायची, असा सर्वसाधारण समज आहे आणि तोच या नुकसानीचे मूळ आहे. आपल्याकडचा हिवाळा आखूड असतो. म्हणून थंडी कधी सुरू होते हे पाहत बसण्यापेक्षा ती कधी संपते हे आधी धरावे आणि तिथून मागे मोजत पेरणीचा दिवस काढावा.

हिशेब अवघड नाही. पुण्यात ऑक्टोबरमध्ये दुपारचे सरासरी तापमान ३२ अंशांच्या आसपास असते. नोव्हेंबरमध्ये रात्री १५ अंशांपर्यंत उतरतात, डिसेंबर-जानेवारीत ११-१२ अंशांवर येतात. फेब्रुवारीत दुपार पुन्हा ३२ अंशांना टेकते आणि मार्चमध्ये ३५ ओलांडते. म्हणजे भरवशाची थंडी जेमतेम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, तीन महिने. आता पिकाची गरज पाहा. फ्लॉवरचे रोप तयार व्हायला चार आठवडे आणि लागवडीनंतर गड्डा भरायला अडीच ते तीन महिने लागतात. डिसेंबरच्या मध्याला बी टाकले तर गड्डा एप्रिलच्या उन्हात भरायचा. मटार पेरल्यावर सुमारे दीड महिन्याने फुलावर येतो आणि त्या वेळी पारा ३० अंशांच्या वर गेला तर फुले गळतात. गाजराला रंग चढतो तो १५ ते २० अंशांत. रोपाच्या वाढीला थोडी ऊब चालते; थंडी लागते ती गड्डा धरताना, शेंग भरताना, मूळ पोसताना. अंगात स्वेटर चढतो त्या दिवसांत ही पिके अर्ध्या वाटेवर असायला हवीत.

यावर मुळशीकरांचा पहिला आक्षेप असेल तो पावसाचा, आणि तो रास्त आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस माघारी फिरण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. सह्याद्रीच्या कुशीतल्या तालुक्यात ऑक्टोबरच्या सरी नव्या नाहीत. चिबड जमिनीत बी टाकले तर ते कुजते, उगवलेले रोप बुडाशी काळे पडून कोलमडते. पण यावरून पेरणीच पुढे ढकलावी असे ठरत नाही. रोप आणि शेत यांची वेळ वेगळी धरावी, एवढेच ठरते. फ्लॉवर, कोबी, नवलकोल यांची रोपे सप्टेंबरच्या मध्यालाच पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या आडोशाला, ट्रेमध्ये किंवा वीतभर उंच गादीवाफ्यावर करता येतात. पाऊस थांबून जमिनीला वाफसा येईपर्यंत रोप हाताशी तयार असते. वाफसा ओळखायला यंत्र नको. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटली तर जमीन तयार आहे, तशीच थापली गेली तर थांबा.

दुसरा आक्षेप परंपरेचा. घटस्थापनेला किंवा दसऱ्याला बी टाकायचे, असे अनेक घरांत चालत आले आहे. पण दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. अधिक मासामुळे सण तीन आठवडे मागेपुढे होतो. तीन महिन्यांच्या हंगामात तीन आठवडे म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा. आपल्या शेतकऱ्यांनी पेरणीसाठी हाताशी धरली ती नक्षत्रे. सूर्याचे हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या अखेरीस लागते, चित्रा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, स्वाती तिसरा आठवडा सरता सरता. या तारखा दरवर्षी जवळपास त्याच असतात. परंपराच पाळायची तर ही पाळावी. भात निघाले की खाचरात उरलेल्या ओलीवर हरभरा, वाल, पावटा पेरणारा शेतकरीही कडाक्याच्या थंडीची वाट पाहत नाही. ओल संपण्याआधी पीक हाती यायला हवे, हे त्याला ठाऊक असते. त्याचाही हिशेब शेवटाकडूनच सुरू होतो.

तिसरा आक्षेप असा की, आता संकरित बियाणे आहे, फ्लॉवर बारमाही मिळतो, मग तारखेचे एवढे काय? मेथी, पालक बऱ्यापैकी सोशिक आहेत, हे खरे. पण फ्लॉवरच्या लवकरच्या जाती २० ते २७ अंशांत गड्डा धरतात आणि उशिराच्या जातींना १० ते १६ अंश लागतात. लवकरची जात उशिरा लावली तर रोप लहान असतानाच गड्डा धरते आणि तो बटणाएवढा राहतो. म्हणजे नव्या जातींनी तारखेचे महत्त्व कमी केलेले नाही, उलट वाढवले आहे. बी घेताना जात कोणत्या गटातली, हे विचारलेच पाहिजे.

शहरातला आकडाही जसाच्या तसा पौडला लावू नये. मुळा नदीच्या खोऱ्यात रात्री डोंगरउतारावरची गार हवा खाली साचते. पुण्यातच १९३२ मध्ये हवामान विभागाचा कृषी हवामान विभाग सुरू झाला. तिथे डॉ. एल. ए. रामदास यांनी दाखवून दिले की, निरभ्र, शांत रात्री सर्वांत गार हवा मातीलगत नसून तिच्यापासून थोड्या उंचीवर, अगदी रोपांच्या शेंड्यांच्या पातळीवर असू शकते. साधा तापमापक वाफ्यात काठीला बांधून पहाटे वाचला, तर आपल्या बागेची खरी नोंद मिळते.

या सगळ्यातून पौडसाठी क्रम निघतो तो असा. सप्टेंबरच्या मध्याला कोबीवर्गीय रोपे. ऑक्टोबरमध्ये वाफसा येताच त्यांची लागवड, सोबत मुळा आणि पालक. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मटार. त्यानंतर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गाजर, बीट आणि लसूण. मेथी-कोथिंबीर दर पंधरवड्याला थोडी थोडी, जानेवारीपर्यंत. डिसेंबरच्या मध्यानंतर फ्लॉवर आणि मटार नव्याने लावू नयेत. शाळांच्या परसबागांनीही दिवाळीच्या सुटीनंतर सुरुवात करण्यापेक्षा सप्टेंबरातच रोपवाटिका धरावी. मुलांनी लावलेला फ्लॉवर त्यांच्याच ताटात यायला हवा. त्यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही, दोन महिने आधी विचार करावा लागतो.