विश्लेषण : पुश्काशचे नाव एकीकडे, क्लब दुसरीकडे… हंगेरीतील ‘होनवेद’ची घसरण काय सांगते?

बुडापेस्टच्या पुश्काश अरेनावर १६ नोव्हेंबर २०२५ रोजी हंगेरीला फक्त बरोबरी हवी होती. तेवढ्यावर विश्वचषक पात्रतेच्या प्लेऑफमधली जागा पक्की होती. हंगेरीने दोनदा आघाडीही घेतली. पण भरपाई वेळेत, ९६व्या मिनिटाला आयर्लंडच्या ट्रॉय पॅरटने हॅटट्रिक पूर्ण केली आणि सामना ३-२ असा फिरला. १९८६ नंतर हंगेरी एकाही विश्वचषकात खेळलेला नाही. ती प्रतीक्षा आता आणखी लांबली.

जवळपास ६७ हजार आसनांचे हे स्टेडियम ज्या फेरेन्त्स पुश्काशच्या नावाने उभे आहे, त्याचा मूळ क्लब बुडापेस्ट होनवेद २०२५ मध्ये देशाच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. दुसरीकडे, ‘पुश्काश अकादमी’ नावाचा एका खेड्यातला क्लब तेव्हा पहिल्या श्रेणीत होता आणि २०२४-२५ च्या मोसमात तो उपविजेता ठरला. या क्लबकडून पुश्काश एक मिनिटही खेळलेला नाही. हा विरोधाभास का निर्माण झाला, हे समजून घ्यायचे तर होनवेदचा इतिहास पाहावा लागतो.

होनवेद मुळात कोणाचा?

बुडापेस्टच्या आग्नेयेला किशपेश्त नावाचे कामगारवस्तीचे गाव होते. आता ते शहराचाच भाग आहे. तेथे १९०९ मध्ये किशपेश्त अॅथलेटिक क्लब स्थापन झाला. पुश्काश आणि योझेफ बोझिक हे दोघे इथलेच, शेजारी राहणारे. पुश्काशचे वडील याच क्लबचे खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक. नोंदणीचे वय भरले नव्हते म्हणून लहानग्या पुश्काशला काही काळ खोट्या नावाने खेळवले गेले, ही गोष्ट हंगेरीत आजही चवीने सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा क्लब मधल्या फळीतलाच होता. बुडापेस्टवर राज्य होते ते फेरेन्त्सवारोश, एमटीके आणि उय्पेश्त यांचे.

सैन्याने क्लब का घेतला?

१९४९ मध्ये हंगेरीत साम्यवादी राजवट घट्ट झाली आणि खेळाचे राष्ट्रीयीकरण झाले. एमटीके गुप्त पोलिसांकडे गेला, उय्पेश्त गृह खात्याच्या पोलिसांकडे. सर्वाधिक चाहते असलेला फेरेन्त्सवारोश राजवटीला संशयास्पद वाटत होता, कारण त्याच्या पाठीराख्यांत राष्ट्रवादी उजव्यांचा भरणा होता. त्याचे नाव बदलले, हिरवा-पांढरा रंग काढून घेतला आणि तो अन्न उद्योगातील कामगारांच्या संघटनेकडे सोपवला. सैन्यासाठी निवडला गेला तो किशपेश्त. नाव ठेवले होनवेद, म्हणजे मातृभूमीचा रक्षक. हंगेरीत सैनिकाला हाच शब्द आहे.

निवडीमागे हिशेब होता. क्रीडा खात्यातले उपमंत्री आणि राष्ट्रीय संघाचे सूत्रधार गुस्ताव शेबेश यांना देशातले उत्तम खेळाडू एक-दोन क्लबांत एकत्र हवे होते, म्हणजे आठवडाभर एकत्र सराव करणारा गटच राष्ट्रीय संघ म्हणून मैदानात उतरेल. सैन्याकडे त्यासाठी नामी हत्यार होते : सक्तीची लष्करी सेवा. सेवा करायचीच आहे, तर ती सीमेवर करायची की होनवेदच्या मैदानावर, असा हा पर्याय. फेरेन्त्सवारोशचे शांदोर कोचिश आणि लास्लो बुदाई असेच आले, गोलरक्षक ग्युला ग्रोशिच आला, पुढे झोल्तान त्सिबोरही. पुश्काशला अधिकारीपद मिळाले. पश्चिमेकडील वार्ताहरांनी त्याला ‘दौडता मेजर’ म्हटले, मात्र त्याची दौड मैदानाबाहेर फारशी गेली नाही.

याला अन्याय म्हणायचे की नियोजन? फेरेन्त्सवारोशच्या चाहत्यांना विचाराल तर उत्तर एकच मिळेल. पण निकाल डोळे दिपवणारे होते. १९५० ते १९५५ या काळात होनवेदने पाच विजेतेपदे मिळवली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकचे सुवर्ण, नोव्हेंबर १९५३ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडवर ६-३, मे १९५४ मध्ये बुडापेस्टमध्ये ७-१, या सगळ्यांत संघाचा मोठा भाग होनवेदचा असे. १९५० च्या मध्यापासून १९५६ च्या सुरुवातीपर्यंत हा संघ एकच सामना हरला. दुर्दैवाने तो बर्न येथील विश्वचषकाचा अंतिम सामना होता. ज्या पश्चिम जर्मनीला साखळीत ८-३ ने लोळवले होते, त्यांच्याविरुद्ध २-० अशी आघाडी घेऊन हंगेरी ३-२ असा हरला.

चॅम्पियन्स लीगशी होनवेदचा काय संबंध?

आजच्या चॅम्पियन्स लीगच्या जन्मकथेत होनवेदचा एक पराभव आहे. १३ डिसेंबर १९५४ रोजी इंग्लंडच्या वूल्व्हरहॅम्प्टनने होनवेदला मोलिन्यू मैदानावर प्रकाशझोतातील मैत्रीपूर्ण सामन्यासाठी बोलावले. होनवेदने पहिल्या पंधरा मिनिटांतच दोन गोल केले. पण वूल्व्हजचे प्रशिक्षक स्टॅन कलिस यांनी आधीच मैदानावर भरपूर पाणी मारून घेतले होते. उत्तरार्धात त्या चिखलात हंगेरियन पासिंग रुतले आणि वूल्व्हज ३-२ जिंकले. वेम्बलीची जखम ताजी असलेल्या इंग्रजी वृत्तपत्रांनी वूल्व्हजला जगज्जेते ठरवून टाकले.

फ्रान्सच्या ‘लेकिप’चे गाब्रिएल हानो यांना ते रुचले नाही. जगज्जेते म्हणवायचे तर आधी मॉस्को आणि बुडापेस्टला जाऊन खेळून दाखवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. मग क्लबांची रीतसर युरोपीय स्पर्धा का नको, असे त्यांच्या वृत्तपत्राने लावून धरले आणि १९५५ मध्ये युरोपियन कप सुरू झाला. पहिल्या वर्षी हंगेरीकडून एमटीके खेळला, होनवेदला संधी मिळाली ती १९५६ मध्ये.

१९५६ मध्ये नेमके काय घडले?

२३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टमध्ये उठाव झाला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे पुन्हा शहरात घुसले आणि उठाव चिरडला गेला. होनवेदचा संघ तोवर देशाबाहेर पडला होता. २२ नोव्हेंबरला अॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध स्पेनमधील पहिला सामना त्यांनी २-३ असा गमावला. परतीचा सामना बुडापेस्टमध्ये होणे शक्यच नव्हते. तो २० डिसेंबरला ब्रसेल्समध्ये झाला. होनवेदचा गोलरक्षक जखमी झाला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, म्हणून आघाडीवीर त्सिबोर गोलपोस्टमध्ये उभा राहिला. सामना ३-३ सुटला आणि एकूण ६-५ गोलफरकाने त्या काळातला बहुधा सर्वोत्तम क्लब संघ युरोपियन कपमधून पहिल्याच प्रयत्नात बाहेर पडला.

पुढचा प्रश्न घरी जाण्याचा होता. हंगेरीचा फुटबॉल संघ आणि फिफा या दोघांचाही विरोध असताना खेळाडूंनी १९५७ च्या सुरुवातीला ब्राझीलचा दौरा केला. सोबत प्रशिक्षक होते बेला गुटमान. दौरा संपला आणि संघ फुटला. बोझिक आणि बुदाई मायदेशी परतले. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर परतले नाहीत. तिघांवरही खेळबंदी आली.

यानंतरची कथा चित्रपटात घातली तर कोणी विश्वास ठेवणार नाही. बंदी संपल्यावर ३१ वर्षांचा, वजन वाढलेला पुश्काश रेआल माद्रिदमध्ये गेला आणि १९६० च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात त्याने चार गोल केले. कोचिश आणि त्सिबोर बार्सिलोनाकडे गेले. १९६१ मध्ये त्यांनी युरोपियन कपचा अंतिम सामना गाठला, तोही बर्नच्या त्याच मैदानावर. दोघांनीही गोल केले आणि बार्सिलोना हरले, पुन्हा ३-२ नेच. जिंकलेल्या बेन्फिकाचे प्रशिक्षक होते गुटमान. पुढच्या वर्षी पुश्काशने अंतिम सामन्यात हॅटट्रिक केली, तरी रेआल ५-३ ने हरले. समोर पुन्हा गुटमान यांचे बेन्फिका होते.

होनवेद मात्र रिकामा झाला. १९५५ नंतरचे पुढचे विजेतेपद थेट १९८० मध्ये आले.

सैन्य गेल्यावर काय झाले?

१९८० चे दशक होनवेदसाठी दुसरा बहर होता. लायोश देतारीसारखा खेळाडू होता, १९८४ ते १९८६ अशी सलग तीन विजेतेपदे आली. पण तो बहरही सैन्याच्या अंदाजपत्रकावर फुललेला होता. १९८९ मध्ये राजवट कोसळली आणि तो झरा आटला. १९९१ मध्ये क्लबच्या नावाला ‘किशपेश्त’ पुन्हा जोडले गेले, मालकी खासगी हातांत गेली. १९९३ मध्ये आणखी एक विजेतेपद मिळाले आणि त्या शरद ऋतूत मँचेस्टर युनायटेडकडून पराभवही. २००३ मध्ये क्लब प्रथमच मैदानावरील कामगिरीमुळे खालच्या श्रेणीत गेला. वर्षभरात परतला, पण पूर्वीचा रुबाब परतला नाही.

म्हणूनच २०१७ चे विजेतेपद मोलाचे. इटालियन प्रशिक्षक मार्को रोस्सी यांनी बेताच्या खर्चात बांधलेल्या संघाने शेवटच्या दिवशी विडिओटोनला १-० ने हरवून किताब जिंकला. तो क्लबचा चौदावा आणि आजवरचा अखेरचा किताब. रोस्सी पुढे हंगेरीचे राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. आयर्लंडविरुद्ध हरलेला संघ त्यांचाच.

मग ‘पुश्काश अकादमी’ कुठून आली?

बुडापेस्टपासून साधारण ४० किलोमीटरवर फेल्चूत हे जेमतेम १८०० वस्तीचे खेडे आहे. २०२५ मध्ये पंतप्रधान असलेले व्हिक्टर ओर्बान यांच्या बालपणाचा काही काळ तेथे गेला आणि गावाच्या संघाकडून खालच्या श्रेणीत ते स्वतः खेळलेही. पुश्काशचे निधन नोव्हेंबर २००६ मध्ये झाले. २००७ मध्ये फेल्चूतला त्याच्या नावाची अकादमी सुरू झाली. २०१४ मध्ये तेथे पांचो अरेना उभे राहिले. पांचो हे पुश्काशचे स्पेनमधले लाडाचे नाव. लाकडी कमानींचे हे देखणे स्टेडियम सुमारे ३८०० प्रेक्षकांचे, म्हणजे गावाच्या लोकसंख्येच्या दुप्पट! अकादमीच्या मागे उभ्या असलेल्या संस्थेचे प्रमुख आणि गावाचे माजी महापौर लोरिन्त्स मेसारोश हे एके काळचे गॅस फिटर. ओर्बान यांच्या सत्ताकाळात ते देशातील सर्वांत श्रीमंत व्यक्ती बनले.

पैशाचा मार्ग कायद्यातून जातो. २०११ पासून हंगेरीत कंपन्यांना आपल्या कॉर्पोरेट कराचा काही भाग सरकारी तिजोरीऐवजी फुटबॉल, हँडबॉल, बास्केटबॉल, वॉटर पोलो अशा सांघिक खेळांच्या संस्थांना देता येतो. ‘ताओ’ या नावाने ही योजना ओळखली जाते. पैसे कोणाला द्यायचे हे कंपनी ठरवते. सरकारी कंत्राटांवर जगणाऱ्या कंपनीने फेल्चूत निवडले, तर आश्चर्य कसले? सरकारचा दावा होता की हा खासगी देणगीचा व्यवहार आहे. न्यायालयाने मात्र तो सार्वजनिक पैसा ठरवला आणि तपशील उघड करण्याचा मार्ग मोकळा केला.

या योजनेतून काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गावोगावी मैदाने झाली. १९७२ नंतर ४४ वर्षांनी, २०१६ मध्ये हंगेरी युरो स्पर्धेत दिसला आणि त्यानंतरच्या दोन्ही युरोतही. जून २०२२ मध्ये त्यांनी इंग्लंडला ४-० ने हरवले, आणि मैदान कोणते, तर मोलिन्यू. पण संघाचा आजचा सर्वांत मोठा खेळाडू डोमिनिक सोबोस्लाई फेल्चूतमध्ये घडलेला नाही. वडिलांनी चालवलेली छोटी अकादमी, मग एमटीके, मग ऑस्ट्रिया हा त्याचा प्रवास.

होनवेदला सरकारने काहीच दिले नाही का?

दिले की. किशपेश्तचे जुने मैदान पाडून सरकारी खर्चाने २०२१ मध्ये नवे बोझिक अरेना उभे राहिले, आठ हजारांहून थोड्या अधिक आसनांचे. दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. स्टेडियम बांधायला निविदा पुरते. संघ बांधायला प्रशिक्षक, मुले आणि पाच-सात वर्षांचा धीर लागतो, आणि हंगेरीतील पैशाला एवढा धीर क्वचितच असतो. वर ज्या क्लबांच्या डोक्यावर थेट राजकीय छत्र होते, त्यांच्याशी बरोबरी करायची. २०१९ ते २०२५ अशी सलग सात विजेतेपदे जिंकणाऱ्या फेरेन्त्सवारोशचे त्या काळातले अध्यक्ष गाबोर कुबातोव हे ओर्बान यांच्या फिदेस पक्षाचे बडे नेते. साम्यवाद्यांनी ज्याचे रंग काढून घेतले तो क्लब ओर्बान यांच्या काळात सत्तेच्या सर्वांत जवळ गेला आणि तेव्हाचा लाडका होनवेद ताटकळत उभा राहिला.

पुढे काय?

३० मे २०२६ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना पुश्काश अरेनाला देण्यात आला. हानो यांनी वूल्व्हजना बुडापेस्टला जाऊन दाखवा म्हटले होते, त्या स्पर्धेचा अंतिम सामना अखेर बुडापेस्टच्या वाट्याला आला. त्याआधी, २०२६ च्या वसंतात, हंगेरीत संसदीय निवडणूक ठरलेली होती. पेतेर मॉद्यॉर यांच्या तिसा पक्षाने ओर्बान यांच्यापुढे २०१० नंतरचे सर्वांत कडवे आव्हान उभे केले आणि सरकारी पैशांवरील स्टेडियमे हा विरोधकांचा जुना मुद्दा होता. ‘ताओ’ला कात्री लागली तर तिची झळ केवळ फेल्चूतला बसणार नाही, पहिल्या श्रेणीतील बहुतेक क्लबांची तिकीटविक्री आणि जाहिरात खर्च भागवण्यापुरतीही नाही. दुसऱ्या श्रेणीत कमी पैशांत खेळायची सवय झालेल्या होनवेदला तो धक्का इतरांपेक्षा कमी बसेल, अशी एक शक्यता किशपेश्तमध्ये बोलली जाऊ शकते. मात्र बोझिक अरेनाची देखभालही फुकट होत नाही.