आधी परवाना, मग विमान

“एकदा तिकडे पाय टेकले की पुढचं बघता येतं.” कणकुंबी, जांबोटी, खानापूर, बेळगाव, या पट्ट्यात परदेशी जाण्याचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी बोलतोच. एजंट ते खात्रीने सांगतो, आधी गेलेला नातेवाईक फोनवर दुजोरा देतो आणि घरची माणसे काजूचे पैसे, सोसायटीचे कर्ज, दागिने असे जमेल तसे उभे करायला लागतात. हे वाक्य खोटे आहे आणि आपल्या मुलांचे सर्वांत जास्त नुकसान तेच करते, असे माझे म्हणणे आहे.

समोरच्या पक्षाचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ, कारण ते अडाणीपणातून आलेले नाही. कणकुंबीच्या माणसाला सीमा ठाऊक आहे. चोर्ला घाट उतरला की गोव्यातली सत्तरी लागते. भातकापणी उरकून गोव्यात हॉटेलात, बांधकामावर, बागायतीत राबणाऱ्या आपल्या माणसांना तिथे कुणी परवाना विचारला नाही. आधी गेले, ओळखी काढल्या, मग काम मिळाले. हाच हिशेब दुबईला आणि कॅनडाला लावला जातो, आणि चूक नेमकी इथे होते. राज्याची सीमा ओलांडण्याचा हक्क आपल्याला संविधानाने दिला आहे. देशाची सीमा ओलांडताना हक्क नसतो, परवानगी असते. आणि ती ज्या कामासाठी दिलेली असते तेवढ्यापुरतीच असते.

पहिला दावा असा, की ‘व्हिजिट व्हिजावर जा, तिथे काम शोध, मग व्हिजा बदलून घे.’ एजंट हा रस्ता का सुचवतो ते पाहा. भारताचा १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’, असा शेरा असतो. अशा माणसाला आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जायचे असेल, तर सरकारी मंजुरी लागते. त्या मंजुरीत मालकाची नोंद, लेखी करार, पगार आणि विमा हे सगळे येते. व्हिजिट व्हिजावर ही मंजुरी लागत नाही. म्हणजे एजंट वाचवतो ती स्वतःची कटकट, आणि त्यासाठी सोडून देतो ते तुमचे संरक्षण. पुढे मालकाने पगार बुडवला तर दाखवायला करार नसतो आणि तक्रार करावी तर आपणच बेकायदा ठरतो. संयुक्त अरब अमिरातीत परवान्याशिवाय माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर १ लाख ते १० लाख दिरहॅम दंड आहे. एवढा धोका पत्करून जो मालक तुम्हाला कामावर घेतो, तो पगार चोख देईल असे मानायचे तरी कशाच्या आधारावर?

यापुढची पायरी आणखी भयंकर आहे. २०२४ च्या सुरुवातीला आपल्याच कर्नाटकातल्या कलबुर्गीचे तरुण रशियात अडकल्याची बातमी आली. मदतनिसाची नोकरी सांगून नेलेल्या मुलांना युद्धात ढकलले होते. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. चांगल्या नोकरीच्या आशेनेच ही मुले घराबाहेर पडली होती. त्यांनीही पाय टेकले होतेच.

दुसरा दावा सुशिक्षित घरांतला आहे: ‘स्टुडंट व्हिजा काढ, शिक्षण नावाला, खरा हेतू पीआर, म्हणजे तिथला कायमचा वास्तव्य परवाना.’ काही वर्षे हे चालले, हे मान्य. पण ज्या सवलतीवर सगळे आयुष्य बेतायचे ती दुसऱ्या देशाच्या मंत्र्याच्या सहीवर टिकून असते. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये अभ्यास परवान्यांवर मर्यादा घातली आणि विद्यार्थ्याने खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर नेली. त्याच वर्षी सरकारी कॉलेजच्या नावाने चालणाऱ्या खासगी वर्गांतून शिकणाऱ्यांना पुढे मिळणारा काम परवाना बंद केला आणि झटपट व्हिजाची सोयही गुंडाळली. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणायला मनाई केली. त्याच देशाने वृद्धांची सेवा करणाऱ्या कामगारांसाठी उघडलेले दारही जुलै २०२५ मध्ये बाहेरच्या नव्या भरतीला बंद केले. नावापुरता अभ्यासक्रम घेतलेल्या मुलाच्या हातात अशा वेळी ना कामाची पदवी उरते, ना परवाना. उरते ते बँकेचे कर्ज. ज्याने मनापासून परिचर्या, यंत्रकाम किंवा संगणकशास्त्र शिकून घेतले, त्याचे शिक्षण मात्र नियम बदलला तरी त्याच्याजवळच राहते. म्हणून अभ्यास परवाना शिकायला जाणाऱ्यानेच काढावा.

तिसरा दावा खास आपल्या भागातला आहे. घाटाखालचे गोवेकर पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपात जातात, मग आपण काय घोडे मारले आहे? १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज सत्तेखालच्या गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तो मार्ग पोर्तुगालच्या कायद्याने खुला आहे. कणकुंबी त्या काळात आधी मुंबई इलाख्यात आणि नंतर १९५६ पासून म्हैसूर राज्यात होती. पोर्तुगालशी तिचा संबंध नाही. आजोबांचा जन्म सत्तरीत ‘दाखवून देतो’ म्हणणारा माणूस तुमच्याकडून खोटा दस्तऐवज करून घेतो, आणि त्याखालची सही तुमची असते. ज्यांचा हक्क खरा आहे त्यांनाही किंमत मोजावी लागतेच. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपते. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड हाती आले तरी मताचा अधिकार जातो आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्याचा जीव भाताच्या खाचरात आहे त्याने हा सौदा दोनदा तपासावा.

चौथा दावा सर्वांत पटण्याजोगा वाटतो: ‘सरळ मार्ग शिकलेल्यांचा. आमच्या दहावी-आयटीआयवाल्या पोराला कोण परवाना देणार?’ खरे तर सरळ मार्ग त्याच्यासाठीच वाढत आहेत. जर्मनीत कारखान्यात किंवा रुग्णालयात राबत, विद्यावेतन घेत व्यवसाय शिकण्याची आउसबिल्डुंग नावाची पद्धत आहे. त्यासाठी साधारण बी-१ पातळीची जर्मन भाषा लागते. पदवी किंवा दोन वर्षांचे मान्य व्यवसायशिक्षण असलेल्यांना तिथे जाऊन वर्षभर नोकरी शोधता यावी म्हणून जून २०२४ पासून गुणांवर आधारलेले संधी कार्डही सुरू झाले आहे. जपानने २०१९ पासून शुश्रूषा, शेती, उपाहारगृहे, इमारत सफाई अशा कामांसाठी ‘विशिष्ट कौशल्य’ परवाना दिला आहे. प्राथमिक जपानी आणि कामाची परीक्षा या त्याच्या अटी आहेत. यात एक-दोन वर्षे भाषेला द्यावी लागतात. घरात मराठी, बाजारात कन्नड, गोव्यात कोंकणी आणि शाळेत इंग्रजी सांभाळणाऱ्या मुलाला आणखी एका भाषेची भीती दाखवू नका.

एक पक्ष उलट टोकाचाही आहे. तो म्हणतो, जाऊच नका, गाव ओस पडते. गावात काम निर्माण न करता हा उपदेश करणाऱ्यांना तो अधिकार नाही. जाणाऱ्याला अडवू नये. तो कोणत्या कागदावर निघाला आहे, एवढे मात्र विचारावे.

तेव्हा करायचे काय? कामाला जायचे तर कामाचा किंवा काम शोधण्याचाच परवाना, आणि तो निघण्यापूर्वी हातात. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येतात. लाखांची भाषा सुरू झाली की उठून यावे. करार आपल्याला कळेल अशा भाषेत वाचून घ्यावा. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांच्या २७५ रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण आहे. ते घेण्यात कंजुषी करू नये.

सीमाभागातल्यांनी आणखी एक काम वर्षभर आधी सुरू करावे, ते म्हणजे कागदांतली नावे जुळवणे. शाळेचा दाखला कन्नडमध्ये, घरची नोंद मराठीत आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरेच, असे आपल्याकडे सर्रास असते. वकिलातीच्या नजरेत ती तीन वेगळी माणसे ठरतात. प्रमाणपत्र ज्या राज्याने दिले त्या राज्याचे साक्षांकनही लागते. खानापुरात दहावी आणि कोल्हापुरात आयटीआय केलेल्या मुलाला दोन राज्यांचे उंबरे झिजवावे लागतात. ही धावपळ व्हिजाची तारीख हातात पडल्यावर करता येत नाही.

सरकारलाही जाब विचारायला हवा. कर्नाटकाच्या कौशल्य विकास खात्याने परदेशी नोकऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय स्थलांतर केंद्र चालवले आहे. त्याची माहिती खानापूर तालुक्यात मराठीतून मिळाली पाहिजे आणि वर्षातून एखादे शिबिर कणकुंबीसारख्या घाटमाथ्यावर झाले पाहिजे. एजंट घरापर्यंत येतो आणि सरकारी केंद्र बेंगळुरूत थांबते, तोवर खेळ एजंटच जिंकणार. ग्रामपंचायतींनी ही मागणी ठराव करून पाठवावी.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढे करावे. मुलगा किंवा मुलगी पैसे मागायला आली की आधी परवाना पाहायला मागा. ज्या कामासाठी निघायचे आहे त्याचाच तो नसेल, तर दागिने कपाटातच राहू द्या.