उंच गाडी खाली करू नका, सीट कापा



पावसाळ्यात पांदण रस्त्यात गाडी फसायला लागली की उंच ट्रेल गाडीची आठवण होते. बरेच जण विचारायलेत, "एक्सपल्स घ्यावी म्हणतो, पण पाय टेकत नाहीत. गॅरेजवाला मागून खाली करून देतो म्हणतोय. करू का?" माझं मत सरळ आहे: करू नका.

आधी आकडे बघा. स्प्लेंडरची सीट 785 मिमी उंच, एक्सपल्स 200 ची 823 मिमी. फरक दीड इंचाचा. पण इंजिनखालची मोकळी जागा स्प्लेंडरला 165 मिमी आणि एक्सपल्सला 220, म्हणजे दोन इंचांहून जास्त. जादा पैसे आपण त्यासाठीच मोजतो. किनवट-माहूरकडचे दगड असोत की औसा-निलंग्याकडं ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा, इंजिनाचं पोट हेच दोन इंच वाचवतात.

मागच्या शॉकअपची लिंक बदलली की सीटसोबत पोटही खाली येतं. पुढचे फोर्क त्या हिशोबानं वर सरकवले नाहीत तर हेडलाइट आभाळाकडं बघते आणि गाडी वळायला सुस्त होते. साइड स्टँड तर लांबच पडतो. गाडी जवळपास उभीच राहते आणि जरा धक्का लागला की पलीकडं पडते.

त्यापेक्षा सीटचा फोम एक इंच काढून घ्या. उंचीइतकीच रुंदीही नडते, म्हणून मांडीजवळ सीट निमुळती करा. पाय सरळ खाली जातो. राहिलेला फोम कडक असू द्या, नाहीतर तासाभरात बूड दुखतंय. नाही जमलं तर जुनं सीट परत बसवता येतं. चासीला मात्र कटर लावू देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत, आणि अपघात झाला तर विम्याचीही अडचण येते.

दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा हट्टही सोडा. थांबताना बूड थोडं डावीकडं सरकवा, डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. धुऱ्याकडची उंच बाजू डाव्या हाताला येईल असं थांबा. साइड स्टँडच्या टोकाला तळहाताएवढा पत्रा वेल्ड करून घ्या, म्हणजे काळ्या रानात तो रुतत नाही. फवारणीचा भरलेला पंप कॅरिअरवर उंच बांधू नका. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, आणि ते जितकं वर तितकी गाडी लवकर कलंडते. मागं ओझं असेल तर पाय टाकता येत नाही; आधी बसा, मग दुसऱ्याला ओझं ठेवू द्या.

आता खरी गोष्ट. दीडशे किलोच्या वरची गाडी चिखलात पायावर पडली तर पाय मोडू शकतो, आणि ऐन पेरणीत मोडला तर हंगाम गेला. त्यामुळं घरात एकच गाडी असेल, तीच दुधाला वडील नेणार, बाजाराला बायको नेणार, तर उंच गाडी घेऊच नका. घरातल्या सगळ्यात कमी उंचीच्या माणसाला शोरूममध्ये सोबत न्या, गाडीवर बसवा, मग ठरवा.