एकाच कम्प्युटरसमोर चार खुर्च्या

शनिवारची दुपार. बंगळुरूच्या टाउन हॉलपासून जवळच असलेल्या एस.पी. रोडवर पाय ठेवायला जागा नसते. कागदोपत्री याचं नाव सदर पत्रप्पा रोड, पण कम्प्युटरचा सुटा भाग हवा असलेल्या बंगळुरूकराला एवढं लांबलचक नाव घ्यायला सवड कुठली! कीबोर्ड, केबल, पंखे, जुने मॉनिटर... नाही ती वस्तू इथे नाही. आणि या गर्दीत एखादे वडील किंवा आई पिशवीतून प्लेस्टेशन नाहीतर एक्सबॉक्सचा जुना कंट्रोलर काढून दुकानदारापुढे धरतात. प्रश्न कन्नडमध्ये असो, हिंदीत असो की बेळगावी मराठीत, आशय एकच: ‘‘घरी हा रिमोट नुसताच पडून आहे. कम्प्युटरला चालेल का?’’

चालतो! बहुतेक वेळा अगदी छान चालतो. पण ‘चालतो’ आणि ‘घरी नेल्यावर चालला’ यांच्यामध्ये दोन-चार खाचखळगे आहेत. ते ठाऊक नसले की माणूस चांगला कंट्रोलर बिघडला समजून भंगारात टाकतो आणि नव्यासाठी खिशात हात घालतो.

हा खर्च थोडाथोडका नाही. सोनीचं प्लेस्टेशन ४ भारतात जानेवारी २०१४ मध्ये आलं ते ३९,९९० रुपयांना. त्या वेळी हट्टाने ते घ्यायला लावणारं आठ-दहा वर्षांचं पोर आज कॉलेजात गेलंय. टीव्हीखालचा तो काळा खोका धूळ खातोय, पण त्याचे कंट्रोलर मात्र धडधाकट आहेत. नव्या पिढीचा कंट्रोलर घ्यायचा म्हटलं, तर प्लेस्टेशन ५ चा ‘ड्युअलसेन्स’ २०२१ साली इथे आला तेव्हाच ५,९९० रुपयांना होता.

शिवाय प्रश्न फक्त पैशांचा नाही. कीबोर्ड आणि माउस ही मुळात एकट्याची साधनं. एक पोर खेळतं, दुसरं मागे उभं राहून ‘आता माझी पाळी’ म्हणत कुरकुरतं. दोन कंट्रोलर जोडले की मात्र दोन खुर्च्या शेजारी-शेजारी येतात. भांडण होतं, पण खेळातलं!

लहर कोणती, भाषा कोणती?

कंट्रोलर कम्प्युटरला जोडण्यापूर्वी दोनच गोष्टी तपासायच्या. पहिली, तो कोणत्या रेडिओवरून बोलतो? दुसरी, तो कोणत्या भाषेत बोलतो?

घरातले बहुतेक सगळे बिनतारी कंट्रोलर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी वापरतात. भारतात या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणं वापरायला परवाना लागत नाही. केंद्र सरकारने तसा नियम जानेवारी २००५ मध्ये काढला. पण पट्टा एकच असला तरी बोलण्याची रीत सगळ्यांची एक नसते. काही कंट्रोलर ब्लूटूथ वापरतात, तर काही कंपनीने स्वतःपुरती ठरवलेली खासगी पद्धत. ब्लूटूथ आजच्या जवळपास प्रत्येक लॅपटॉपमध्ये असतं. खासगी पद्धतीला मात्र कंपनीचा वेगळा रिसीव्हर यूएसबीत खोचावा लागतो. गोंधळ होतो तो नेमका इथेच.

एक्सबॉक्सची वंशावळ

सगळ्यात जास्त फसगत होते ती एक्सबॉक्स ३६० च्या बाबतीत. हे यंत्र भारतात २००६ साली आलं. त्याच्या बिनतारी कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नाहीच! लॅपटॉपवर कितीही शोधलं तरी तो सापडणार नाही. बरं, त्याच्यासोबत मिळणारी चार्जिंगची केबल कम्प्युटरला लावली तर दिवा लागतो, सेल चार्ज होतात, पण खेळ हलत नाही. कारण त्या केबलमधून फक्त वीज जाते, बटणांची खबर जात नाही. त्याला वेगळा रिसीव्हर हवा, आणि असा एक रिसीव्हर चार कंट्रोलर सांभाळतो. बाजारातले नकली रिसीव्हर विंडोज आपणहून ओळखतंच असं नाही. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ‘एक्सबॉक्स ३६० वायरलेस रिसीव्हर’ हा ड्रायव्हर हाताने निवडावा लागतो.

त्यानंतर आलेल्या एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरचे दोन प्रकार आहेत. सुरुवातीच्यांत ब्लूटूथ नाही. २०१६ साली एक्सबॉक्स वन एस आला आणि त्याच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथही आलं. हातातला कुठला, हे ओळखायची खूण सोपी आहे. मधल्या चमकणाऱ्या लोगोच्या बटणाभोवतीचं प्लॅस्टिक पाहायचं. ते कंट्रोलरच्या पुढच्या अंगाशी सलग, त्याच तुकड्याचं असेल तर ब्लूटूथ आहे. ते वरच्या खांद्याच्या बटणांसारखं वेगळं, चकचकीत असेल तर नाही. ज्यात नाही, त्याने हिरमुसायचं कारण नाही. मायक्रोसॉफ्टचा विंडोजसाठीचा वायरलेस अडॅप्टर किंवा साधी मायक्रो-यूएसबी केबल, दोन्ही चालतात.

ब्लूटूथवाला असेल तर लोगोचं बटण दाबून तो चालू करायचा. मग वरच्या कडेला असलेलं छोटं जोडणीचं बटण लोगो भराभर लुकलुकेपर्यंत दाबून ठेवायचं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथखाली ‘ॲड डिव्हाइस’ म्हटलं की नाव दिसतं. दोन गोष्टी मात्र लक्षात असाव्यात. ब्लूटूथवर कंट्रोलरला लावलेला हेडफोन चालत नाही. आणि एकाच कम्प्युटरला ब्लूटूथवरून एकापेक्षा जास्त एक्सबॉक्स कंट्रोलर जोडले तर अडखळण्याची शक्यता असते. दोघांनी खेळायचं असेल तर एक बिनतारी आणि एक केबलवर, हा बिनखर्चाचा तोडगा.

प्लेस्टेशनचा एकपत्नी स्वभाव

प्लेस्टेशन ४ चा ‘ड्युअलशॉक ४’ आणि ५ चा ‘ड्युअलसेन्स’, दोघेही ब्लूटूथ बोलतात. पहिल्यात ‘शेअर’ आणि पीएसचं बटण, दुसऱ्यात ‘क्रिएट’ आणि पीएसचं बटण एकदम दाबून धरायचं. दिवा भराभर लुकलुकला की कम्प्युटरवर ‘वायरलेस कंट्रोलर’ असं नाव उमटतं.

इथवर सरळ. घरोघरी वाद होतो तो पुढे. ड्युअलशॉक ४ एका वेळी एकाच यंत्राशी संसार करतो. दादाने तो लॅपटॉपला जोडला की टीव्हीजवळचं प्लेस्टेशन त्याला ओळखत नाही. मग धाकटी ‘दादाने माझा रिमोट बिघडवला’ म्हणून आईकडे तक्रार नेते. बिघडलेलं काही नसतं. कंट्रोलर केबलने प्लेस्टेशनला लावून एकदा पीएसचं बटण दाबलं की जुना संसार पुन्हा सुरू! ड्युअलसेन्सला मात्र सोनीने २०२५ साली एकाहून अधिक यंत्रं लक्षात ठेवायची सोय दिली. एक्सबॉक्सच्या २०२० नंतरच्या कंट्रोलरमध्येही कन्सोल आणि कम्प्युटर अशी अदलाबदल करता येते. जोडणीचं बटण दोनदा झटपट दाबलं की झालं.

त्याहून जुना प्लेस्टेशन ३ चा कंट्रोलर ब्लूटूथवाला असूनही विंडोजशी नीट जुळत नाही. वेगळे ड्रायव्हर शोधण्याचा खटाटोप करायची हौस असेल त्यानेच त्याच्या वाटेला जावं. निन्टेन्डोचा ‘स्विच प्रो’ वरच्या कडेचं छोटं सिंक बटण दाबून जोडता येतो. मात्र त्याच्यावर ए-बी आणि एक्स-वाय या अक्षरांच्या जागा एक्सबॉक्सच्या उलट असतात. त्यामुळे ‘उडी मार’ म्हटलं की गडी मागे फिरतो!

दुभाष्या एकच असावा

आता भाषेचं. ब्लूटूथने नाव ओळखलं, दिवा स्थिर झाला, पण गेममध्ये मात्र काहीच होत नाही. हा अनुभव प्लेस्टेशनवाल्यांना हमखास येतो. कारण असं की मायक्रोसॉफ्टने २००५ साली एक्सबॉक्स ३६० सोबत ‘एक्सइनपुट’ नावाची पद्धत आणली आणि त्यानंतरचे विंडोजवरचे बहुतेक गेम तीच भाषा ऐकतात. प्लेस्टेशनचे कंट्रोलर ती बोलत नाहीत. मध्ये दुभाष्या लागतो.

‘स्टीम’ या गेमच्या दुकानात हा दुभाष्या फुकट मिळतो. ड्युअलशॉक ४ ची सोय त्यात २०१६ च्या डिसेंबरपासून आहे, स्विच प्रोची २०१८ पासून. दुसरीकडून घेतलेला गेमही स्टीमच्या यादीत टाकून तिथून सुरू करता येतो. ज्यांना स्टीम नको, त्यांच्यासाठी ‘डीएसफोर विंडोज’ हा फुकट प्रोग्राम आहे. पण दोन्ही एकदम चालू ठेवू नयेत. दोन दुभाषे एकाच वेळी बोलू लागले की एकदा दाबलेलं बटण दोनदा उमटतं आणि खेळणारा चक्रावतो.

बैलगाडीवरचा उपग्रह

कधी कधी सगळं जुळतं, पण खेळताना गडी अडखळतो. बटण आत्ता दाबलं, उडी मात्र उशिरा. अशा वेळी बंगळुरूतलाच एक जुना प्रसंग आठवावा.

१९८१ साली इस्रोने ‘ॲपल’ हा दळणवळण उपग्रह बांधला. त्याच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती. पण उपग्रह धातूच्या गाडीवर ठेवला, तर धातूवरून लहरी परतून मोजमाप बिघडणार. म्हणून शास्त्रज्ञांनी सरळ लाकडी बैलगाडी आणली! बैलगाडीवरच्या उपग्रहाचं ते छायाचित्र जगभर गाजलं. कुणी हसलं, कुणी गरिबी म्हणालं, पण त्यामागे होतं साधं विज्ञान. धातू लहरींच्या आड येतो.

घरात आपण नेमकं उलटं करतो. ब्लूटूथचा किंवा रिसीव्हरचा चिमुकला खडा कम्प्युटरच्या मागच्या बाजूला खोचतो, आणि कंट्रोलर व त्याच्या मध्ये पत्र्याचा अख्खा डबा उभा राहतो. त्यात शेजारीच वेगवान यूएसबी ३ ची पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क असेल, तर दुष्काळात तेरावा महिना. यूएसबी ३ च्या जोडणीतून नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ सालीच दाखवून दिलं होतं. वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात नांदतात.

उपाय स्वस्त आहे. यूएसबीची मीटरभर लांबीची एक्स्टेन्शन केबल घ्यावी आणि तो खडा टेबलावर, कंट्रोलरच्या डोळ्यांसमोर आणून ठेवावा. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाकता येत असेल तर टाकावं. तरीही अडखळलं तर सरळ वायर लावावी. फक्त ती केबल मोबाइलच्या निव्वळ चार्जिंगची नसावी. तिच्यातून खबर जाणारी तार हवी.

दुकानात उभ्या-उभ्या

बंगळुरूला गेमचं वेड काही आजचं नाही. राजेश राव यांनी ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही कंपनी इथे १९९७ साली काढली. एक्सबॉक्सवरच्या ‘फोर्झा’ या मोटारशर्यतीच्या गेमसाठी तिने काम केलं आणि २०१९ मध्ये रॉकस्टार गेम्सने ती विकत घेतली. कन्सोलवरचे गेमसुद्धा तयार होतात ते कम्प्युटरवरच. तेव्हा कंट्रोलर आणि कम्प्युटर यांची जोडी काही जुगाड नव्हे, ते त्यांचं माहेरच आहे.

वेड आहे तिथे नक्कलही आहे. जुना किंवा स्वस्तातला कंट्रोलर घ्यायचा तर लॅपटॉप सोबत न्यावा. विंडोजच्या ‘रन’ खिडकीत जॉय डॉट सीपीएल (इंग्रजीत) टाइप केलं की कंट्रोलर तपासायचं पान उघडतं. एकेक बटण दाबून पाहावं. मग हात काढून घ्यावा. दांडीला कुणी हात लावलेला नसतानाही पडद्यावरची अधिक-खूण मधून सरकत असेल, तर ती दांडी झिजलेली आहे. असा कंट्रोलर परत द्यावा आणि घेतलेल्याची पावती मागून घ्यावी.

शेवटचं, पण घरात लहान मूल असेल तर सगळ्यात महत्त्वाचं. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये बहुधा दोन पेन्सिल सेल असतात, प्लेस्टेशनच्या पोटात मात्र लिथियमची बॅटरी. वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडलेल्या कंट्रोलरची पाठ फुगलेली दिसली, सांधा उघडलेला दिसला, तर ‘बघू तरी’ म्हणून चार्जिंगला लावू नये. दाबूही नये, टोचूही नये, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नये. तो ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावा.

बाकी धडधाकट असेल तर रविवारची दुपार गाठावी. एक्सइनपुट या पद्धतीत एका कम्प्युटरला एका वेळी चार कंट्रोलर चालतात. चारच का, ते मायक्रोसॉफ्टला ठाऊक. मराठी घराला मात्र हा आकडा नवा नाही. कॅरमच्या बोर्डाभोवतीही चारच जण बसतात. एक खुर्ची दादाची, एक धाकटीची, तिसरी बाबांची. आणि चौथी? आईला किंवा आजीला एकदा विचारून तर पाहा!