प्राइडची वर्गणी कोण देणार?

१/ १६ ऑगस्ट २००८. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे एक मोर्चा निघाला. नाव ‘क्वीअर आझादी’. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ घातल्याबद्दल ब्रिटिश सरकारने माफी मागावी, ही त्याची एक मागणी होती. ‘चले जाव’चा ठराव जिथे झाला, तिथूनच ती निघाली, हे औचित्याचेच होते. आजचा थ्रेड थोडा मोठा आहे. विषय: हा मोर्चा आणि त्याच्या वाटेवरची दुकाने.

२/ गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात उत्सव कोणाचा हे ओळखण्याची एक जुनी कसोटी आहे: पावती पुस्तकात कोणाची नावे आहेत ते पाहावे. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. लालबागच्या कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून नवस केला. १९३४ पासूनचा तिथला गणपती त्या नवसाचा. पेठ आणि उत्सव इथे कधीच वेगळे नव्हते. ज्याने वर्गणी दिली, तो उत्सवाचा धनी झाला.

३/ या तत्त्वाची खरी परीक्षा दादरला १९२६ मध्ये झाली. तिथल्या सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी सर्व हिंदूंकडून गोळा होई. कारभार आणि पूजेचा मान मात्र मूठभरांकडे असे. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि डॉ. आंबेडकर यांनी अस्पृश्यांच्या पूजेच्या हक्काचा प्रश्न मांडवातच उभा केला. प्रबोधनकारांनी ‘माझी जीवनगाथा’मध्ये हा प्रसंग सांगितला आहे.

४/ अखेर तडजोड झाली. एका दलित कार्यकर्त्याने ब्राह्मण पुजाऱ्याच्या हाती फुले द्यावीत आणि पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहावीत, असे ठरले. दार अर्धेच उघडले. पण आमचे पैसे चालतात, तर आम्ही का चालत नाही, हा प्रश्न मुंबईच्या सार्वजनिक जीवनात कायमचा नोंदला गेला.

५/ आता आणखी मागे जाऊ. ‘हे आपल्या पेठेत कधी नव्हते’ असे म्हणणाऱ्यांसाठी ही नोंद. मराठा राजवटीत काही भागांत हिजड्यांना गावागावांतून थोडा पैसा आणि धान्य गोळा करण्याचा वतनासारखा हक्क होता. काहींकडे इनाम जमिनीही होत्या. हा वारसा गुरूकडून चेल्याकडे जाई. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमलाने तो मानण्याचे थांबवले. रक्ताचा वारस नाही, तर हक्क कसला, असा त्यामागचा तर्क.

६/ त्या हक्काचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मात्र एक बदल नीट ध्यानात घ्यावा. जे एकेकाळी देणे होते, ते दान झाले. आजही नव्या दुकानाच्या मुहूर्ताला तृतीयपंथी येतात. गल्ल्यातून नोट निघते, आशीर्वाद घेतला जातो. त्या नोटेत थोडी श्रद्धा असते, थोडी भीती असते. पावती नसते.

७/ दुसरे टोक प्रायोजकत्वाचे. जून आला की मोठ्या कंपन्यांची बोधचिन्हे सप्तरंगी होतात आणि जुलैत पूर्ववत. त्या पैशाने मंच आणि ध्वनिक्षेपक मिळतात. त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण कंपनीला ठाकुरद्वारचा नाका ठाऊक नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याला प्रत्येक घर ठाऊक असते: कोणाकडे उधारी आहे, कोणाचा मुलगा घरी उशिरा येतो, कोणाचे लग्न ‘अजून जमत नाही’.

८/ कलम ३७७ विषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. त्या वर्षी गणेश चतुर्थी होती १३ सप्टेंबरला. त्या आठवड्यात मी आमच्या चाळीच्या मंडळाचे पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरत होतो. ज्याच्या हातचे मखर पाहायला शेजारच्या वाड्यांतले लोक येत, तो मित्र रात्री जागून थर्माकोलऐवजी पुठ्ठा कापत बसला होता. निकालाविषयी तो चकार शब्द बोलला नाही. तीन वर्षांनी त्याने मला सांगितले की त्या रात्री त्याला कोणाला तरी पेढा द्यायचा होता.

९/ म्हणजे वर्गणी एका बाजूने कधीच भरली गेली आहे. समलिंगी आणि पारलिंगी माणसे या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मखरे करीत, ढोल वाजवीत, पावत्या घेत आली आहेत. १९२६ चा प्रश्न त्यांच्या वतीनेही विचारता येतो. उलट फेड झालेली नाही. पहिल्या वर्षांत अनेकजण मोर्चात मुखवटा घालून चालत, ते पोलिसांपेक्षा गॅलरीतल्या ओळखीच्या डोळ्यांना भिऊन.

१०/ ‘गिऱ्हाईक तुटेल’ ही दुकानदाराची भीती खोटी नाही. एकट्या दुकानाने फलक लावला, तर तो एकटा पडू शकतो. म्हणूनच वर्गणी हा मार्ग शहाणपणाचा. पुस्तकात पन्नास नावे असली की कोणतेही एक नाव उघडे पडत नाही. लालबागच्या चिवडा गल्लीतून एक पावती, दादरच्या फूलबाजारातून हारांच्या दोन टोपल्या, खेतवाडीतल्या मंडपवाल्याकडून खुर्च्या, गिरगावातल्या छापखान्याकडून पत्रके: उत्सव असाच उभा राहतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

११/ न्यायालये आपल्या परीने पुढे गेली आणि थांबली. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. तो लढा पुढे चालेल. पण भाड्याने खोली मिळणे, आजारपणात जोडीदाराला शेजाऱ्यांनी ‘घरचा माणूस’ मानणे, दुकानात नजर न चुकवता सुटे पैसे परत मिळणे, हे कोणत्याही खंडपीठाच्या हातात नाही. ते गल्लीच्या हातात आहे.

१२/ तेव्हा माझे मत साधे आहे. प्राइडच्या संयोजकांनी कंपन्यांकडे जाण्याआधी पावती पुस्तक छापावे आणि या पट्ट्यातील दुकानांच्या पायऱ्या चढाव्यात. दुकानदारांनी दान देऊ नये आणि जाहिरातही मागू नये. एकावन्न रुपये द्यावेत, पावतीवर नाव घालून घ्यावे आणि ती गणपतीच्या पावतीशेजारी काचेखाली ठेवावी. माझा मित्र रोज त्या काउंटरवर दूध घ्यायला येतो. तो ती वाचेल.