सहलीच्या दिवशी आई पाणी का पीत नाही?

दिवाळी आटोपली, की हिंगणीच्या रस्त्याने बोर धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ वाढते. जलाशयाचे शांत पाणी, भोवती २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळालेले अरण्य आणि अंगाला सुखावणारे ऊन. विदर्भात वृद्धांना घेऊन दिवसभर बाहेर राहावे, असे महिने मोजकेच. याच महिन्यांत माझ्याकडे एक ठरावीक तक्रार येते : “डॉक्टर, सहलीहून आल्यापासून आईला गरगरते आहे.”

विचारपूस केली, की पुष्कळदा एकच उलगडा होतो. आईंनी सकाळपासून पाणीच प्यायलेले नसते. तिथे शौचालय असेल का, खाली बसावे लागेल का, जावयाला गाडी थांबवायला कसे सांगावे? या संकोचापायी तहान मारली जाते. कोणी लघवी वाढवणारी गोळीही गुपचूप वगळतात.

हे मी शहाणपण शिकवण्याच्या आविर्भावात लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याच आईला आम्ही धरणावर नेले होते. डबे, सतरंजी, मुलांचा चेंडू, सारे आठवणीने घेतले होते. सायंकाळी घराच्या पायरीवर तिला भोवळ आली आणि मनगटाचे हाड मोडले. दिवसभरात कपभर चहाखेरीज तिच्या पोटात द्रव गेलेला नव्हता, हे डॉक्टर असलेल्या मुलाच्या ध्यानी आले नव्हते. “तुम्ही सगळे इतके आनंदात होतात,” एवढेच ती म्हणाली.

म्हणून सहलीची आखणी शौचालयापासून करावी. आदल्या दिवशी कोणीतरी चौकशी करावी. कमोडची सोय नसेल, तर घडीची कमोड-खुर्ची आणि आडोशाला एक चादर गाडीत ठेवावी. दर दोन तासांनी सर्वांनीच उतरायचे, असे निघतानाच ठरवावे, म्हणजे ज्येष्ठांना मागणी करावी लागत नाही. लघवीची गोळी परतल्यावर घेतली तर चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याची मर्यादा सांगितलेली असेल, तर तीच पाळावी.

मधुमेहींचे गणित निराळे आहे. ज्यांना जेवणाआधी इन्सुलिन लागते, त्यांनी ताट समोर आल्याशिवाय ते टोचून घेऊ नये. चूल पेटायला आणि वांग्याचे भरीत व्हायला सहलीत किती वेळ लागेल, याचा काही नेम नसतो! इन्सुलिन बंद गाडीत तापू देऊ नये आणि बर्फाला थेट टेकवूही नये. घाम, थरथर किंवा असंबद्ध बोलणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी आणि मग पोळी खाऊ घालावी. आपला वर्ध्याचा गोरसपाक अशा वेळी कामाचा नाही, कारण तुपामुळे त्यातली साखर रक्तात सावकाश उतरते. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आई अजूनही आमच्याबरोबर धरणावर येते. तिची पाण्याची बाटली तिच्याच पिशवीत असते. परतताना ती रिकामी झाली आहे की नाही, हे मी गाडी सुरू करण्याआधी पाहतो.